तात्यांचा नकार

घरच्या गाडीचं स्टेअरिंग मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदललं, तेव्हा वरच्या मजल्यावरचे काका बराच वेळ उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "तात्यांच्याकडे." उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. पाना कसा धरायचा, नट किती आवळायचा, हे तात्यांनी शिकवलं आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहेच. पण माझ्यावरचं त्यांचं मोठं ऋण निराळं आहे. एका गिऱ्हाइकाला त्यांनी माझ्यादेखत नकार दिला होता. माझं पुढचं कामाचं आयुष्य बरंचसं त्या नकारावर उभं आहे. ते एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, एका बोळाच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडमध्ये तात्यांचं गॅरेज होतं. एका अंगाला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या अंगाला वेल्डिंगवाला, समोर ऑइल इंजिनांचे सुटे भाग विकणारं दुकान. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा आपल्या हातांनी घडवला तो याच गावात. वस्तू मिळत नसेल तर करून बघू, ही इथली जुनी हिंमत आहे आणि तात्या त्याच हिमतीवर वाढलेले. शाळा चौथीत सुटली. मग जीपचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली डिझेलमध्ये भाग धुण्यापासून सुरुवात. पुढे अ‍ॅम्बेसिडर, फियाट, साखर कारखान्यांच्या जीपा आणि 1983 सालानंतर मारुती 800. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो. वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख. "पोरगं नुसतं कागदावर इंजिनिअर व्हायला नको, जरा हात काळे करू दे त्याचे," असं वडील म्हणाले आणि तात्यांनी मला सुट्टीत ठेवून घेतलं.

तात्या समजावून सांगत बसायचे नाहीत. काम हातात द्यायचे आणि शेजारी उभे राहायचे. स्टेअरिंग काढायला मी पहिल्यांदा शिकलो ते फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती गाडी, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबालाच असलेली. हॉर्नचं मधलं झाकण निघालं आणि खाली मोठा नट दिसला की हात आपोआप पान्याकडे जातो. तात्यांनी माझा हात धरला. "आदी खूण, मग पाना." खिळ्याच्या टोकानं त्यांनी मधल्या दांड्यावर एक बारीक रेघ ओढली आणि तिच्यासमोर स्टेअरिंगच्या बुंध्यावर दुसरी. दांड्याला बारीक दाते असतात, स्टेअरिंगच्या भोकात त्यांच्या जोडीचे. बसवताना एक दाता जरी सरकला तरी चाकं सरळ असताना स्टेअरिंग तिरकं दिसतं आणि चालवणाऱ्याचा हात कायम कुठल्या तरी बाजूला ओढत राहतो.

नट सैल केला, पण पुरता काढू दिला नाही. थोडे आटे धरून तो दांड्यावर तसाच ठेवायचा आणि मग दोन्ही हातांनी स्टेअरिंग डावं-उजवं हलवत ओढायचं. वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं स्टेअरिंग सुटतं तेव्हा एकदम सुटतं आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं. नट जागेवर असला की ते तिथंच अडतं. निघालेला प्रत्येक भाग एका जुन्या ताटात, निघाला त्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे मांडायचा. बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. "ताट रिकामं झालं की काम झालं. एक वायसर जरी उरला तरी काम झालं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अपघातातल्या गाड्याही यायच्या. ठोकठाक करणारे दुसरे असत, इंजिन आणि स्टेअरिंग तात्यांकडे. अशी गाडी आली की ते आधी दार उघडून स्टेअरिंगकडे बघत. त्या काळच्या जीपा आणि अ‍ॅम्बेसिडर मुळात 1940-50 च्या दशकांतल्या परदेशी गाड्यांवरून आलेल्या. त्यांच्या स्टेअरिंगचा खांब लोखंडी, एकसंध, कुठेही न दुमडणारा. समोरून धडक बसली की गाडीचा पुढचा भाग मागे सरकतो आणि तो खांब सरळ ड्रायव्हरच्या छातीवर येतो. अमेरिकेत 1968 सालापासून धडकेत आत दबणारा खांब सक्तीचा झाला, तो याच कारणानं. मी हे पुढे पुस्तकात वाचलं. तात्यांना ते वाकलेल्या रिमवरून ठाऊक होतं. रिमची खालची कड पुढे दबलेली असली की ते ती बोटांनी चाचपत आणि हलक्या आवाजात म्हणत, "बरगड्या गेल्या असणार." त्या दिवशी मग ते कामापुरतंच बोलत.

एअरबॅगची पहिली गाडी आमच्या गॅरेजात आली तेव्हा तात्यांची साठी उलटून गेली होती. 2005-06 चा सुमार असेल. एअरबॅग तेव्हा महागड्या गाड्यांत, तीही वरच्या मॉडेललाच मिळायची. काम साधं होतं, स्टेअरिंगखालच्या वायरिंगचं. तात्या खाली वाकले, बॅटरीचा उजेड आत टाकला. पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसल्यावर त्यांनी हात मागे घेतला. "ह्ये मला ठावं न्हाई. ठावं झाल्याबिगर हात लावायचा न्हाई." मालकाला त्यांनी गाडी ठेवून जायला सांगितलं आणि ओळखीच्या एका माणसाकडून त्या गाडीच्या दुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, तात्यांनी ऐकायचं. गाडीत धडक ओळखणारे सेन्सर असतात. धडक पुरेशी जोराची असली तर कंट्रोल युनिट विजेचा इशारा देतं. स्टेअरिंगच्या मधल्या डबीतलं रसायन पेटतं, त्याचा वायू होतो आणि त्या वायूनं पिशवी फुगते. "किती वेळात?" तात्यांनी विचारलं. सुमारे 30 मिलिसेकंद, मी म्हटलं. म्हणजे एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीस. पापणी मिटून उघडायलाही याहून जास्त वेळ लागतो. तात्यांनी डोळे मिटून उघडले, जणू मोजून पाहिलं.

"मग बॅटरीची तार काढली की झालं. भ्या कसलं?" त्यांची शंका रास्त होती. मी पुढचं पान वाचलं. बॅटरी तोडली तरी कंट्रोल युनिटच्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज साठून राहते. ती तिथे मुद्दाम ठेवलेली असते, कारण धडकेत बॅटरीच तुटली तरी पिशवी उघडली पाहिजे. म्हणून ऋण टोकाची तार काढायची, पुस्तकात सांगितलेली मिनिटं थांबायचं, आणि मगच पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा. काढलेली एअरबॅग नेहमी तोंड वर करून ठेवायची. पालथी ठेवली आणि चुकून पेटली तर अख्खी डबी हवेत उडते. हे पान तात्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग हिशेबाच्या वहीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत एकेक गोष्ट लिहून घेतली. आयुष्यभराचं नाव गाठीशी असलेला माणूस साठीनंतर एका कॉलेजातल्या पोरासमोर वही घेऊन बसला होता आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. शिकणं म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मला कुठल्याही वर्गात मिळालेला नाही.

नकाराचा प्रसंग त्यानंतरच्या दिवाळीतला. एक तरुण मुलगा वडिलांची नवी गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर खोकं, खोक्यात रेसिंगचं स्टेअरिंग: लहान, खालून सपाट, लाल दोऱ्याच्या शिवणीचं, सोबत ते दांड्यावर बसवायचं बॉस किट. वस्तू देखणी होती. तात्यांनी ते हातात घेतलं, शिवणीवरून अंगठा फिरवला, "टाका चांगला हाय," असं मनापासून म्हणाले. मग विचारलं, "ह्यात एअरबॅग कुठं हाय?"

"नाही तात्या. ती काढून टाकायची. डॅशबोर्डवरचा दिवा लागू नये म्हणून तिच्या जागी रेझिस्टर टाकायचा. बाहेर सर्रास करतात."

हे खरं होतं. एअरबॅगच्या वायरींना ठरावीक रोध असतो. तेवढ्याच ओहमचा एक छोटा रेझिस्टर तिथे जोडला की कंट्रोल युनिटची फसगत होते. एअरबॅग जागेवर आहे असं समजून ते धोक्याचा दिवा लावत नाही. रेझिस्टरची किंमत काही पैसे.

तात्यांनी स्टेअरिंग खोक्यात परत ठेवलं, वरचा कागद नीट दुमडला आणि म्हणाले, "न्हाई."

मुलगा मजुरी वाढवत गेला. तो महिना गॅरेजला मंदीचा होता. हिशेबाची वही मीच लिहायचो, त्यामुळे मला ते पक्कं माहीत होतं. तात्यांनी त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि आवाज न चढवता बोलले: "बाळा, त्यो दिवा कशापायी लावलाय? काय बिगाडलं तर सांगायला. त्येचं तोंड दाबून मी तुला गाडी देऊ? तुला तर ठावं हाय, हितं आता कायबी न्हाई. पर उद्या तुजा बाप बसंल हिच्यात. आई बसंल. त्येंना कोण सांगणार?"

मुलगा म्हणाला, "मग मी दुसरीकडे करून घेतो."

"घे. तुजी गाडी. म्या केलं न्हाई, येवढं मला ठावं पायजे." आणि लगेच पुढे, "हौस असंल तर हायेच ह्या रिमला चामडं मढवून देतो. चपला शिवणारा कारागीर हाय माज्या वळखीचा, लाल दोऱ्यानं शिवंल. मधल्या डबीला मातुर हात लावायचा न्हाई."

तो मुलगा गेला. पुढे त्यानं काय केलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. तात्यांनी त्याच्याबद्दल पुन्हा विषय काढला नाही, आणि संध्याकाळी वहीत जमेच्या बाजूला मी काही लिहिलं नाही.

मी मात्र त्या दिवसाचा विचार करत राहिलो. धंद्यात नकार मी आधीही ऐकले होते: वेळ नाही, भाग मिळत नाही, परवडत नाही. तात्यांच्या नकाराला असलं कुठलंही कारण नव्हतं. काम त्यांना येत होतं, वेळ होता, पैसे हवे होते, गिऱ्हाईक राजी होतं. अडवत होते ते फक्त समोर नसलेले दोघं, ज्यांना काही विचारलंच गेलं नव्हतं. गाडीत पुढे कोण कोण बसेल, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या डोक्यात नव्हता, तो मिस्त्रीच्या डोक्यात होता. आणि त्या प्रश्नाचं बीज आम्ही अर्ध्या शटरमागे बसून वाचलेल्या पानात होतं. पान मी वाचलं होतं. ते मनावर घेतलं होतं तात्यांनी.

आता आमच्या गाडीबद्दल. ती 2019 सालची, तिच्या कंपनीचं सगळ्यात खालचं मॉडेल. त्याच वर्षी 1 जुलैपासून नव्या मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे इतर काही नसलं तरी एअरबॅग होती. गाडी मुख्यतः बायको चालवते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ती एका प्रयोगशाळेत काम करते, रोज महामार्गानं जाते-येते. कडक प्लास्टिकचं स्टेअरिंग उन्हात चटके द्यायचं आणि घामानं निसटायचं. आवाज कमी-जास्त करायला किंवा आलेला फोन बंद करायला हात सोडून मधल्या पडद्याकडे बघावं लागायचं. महामार्गावर ट्रकच्या रांगेत ती एक नजरही मला नको वाटायची. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला चामड्यानं मढवलेलं, बटणांचं स्टेअरिंग येतं. पार्ट नंबर जुळवून मी ते मागवलं, एअरबॅगशिवाय. एअरबॅग आमचीच, गाडीसोबत आलेली, नव्यावर चढवायची होती. जुन्या बाजारातली एअरबॅग कधीही घेऊ नये, कारण ती कुठल्या गाडीतून निघाली आणि कुठे, कशी पडून होती, हे विकणाराही सांगू शकत नाही.

रविवारी सकाळी चाकं सरळ करून गाडी उभी केली. लेक टॉर्च घेऊन शेजारी. बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढून बाजूला बांधली आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. "आता का थांबलोय?" तिनं विचारलं. कपॅसिटरची गोष्ट मी तिला सांगितली, आणि सांगताना ती तात्यांच्या वहीतल्या क्रमानंच येत गेली. मग गाडीच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, स्टेअरिंगच्या मागच्या बाजूनं अडकण सोडवली आणि एअरबॅग अलगद पुढे आली. पिवळ्या कनेक्टरची खीळ आधी उचलायची, मग कनेक्टर सरळ ओढायचं, वायरला धरून कधीच नाही. एअरबॅग तोंड वर करून मी लांब, एकट्या जागी ठेवली आणि लेकीला सांगितलं की तिच्यावर काही ठेवायचं नाही, तिच्याजवळ खेळायचं नाही.

मधला नट दिसला. आधी खूण. या वेळी खुणेत एक जादा पायरी होती, कारण जुनं स्टेअरिंग परत बसणार नव्हतं. पांढऱ्या मार्करनं दांड्यावर आणि जुन्या स्टेअरिंगच्या बुंध्यावर रेघ मारली. नट सैल केला, आट्यांवर राखला, स्टेअरिंग ओढून सोडवलं आणि मग नट काढला. जुनं आणि नवं दोन्ही शेजारी पालथी ठेवून, आरे आणि दाते जुळवत ती रेघ नव्यावर उतरवली. स्टेअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते: प्लास्टिकच्या चपट्या डबीत गुंडाळलेली रिबनसारखी केबल. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतं तरी हॉर्नची, बटणांची आणि एअरबॅगची वीज तिच्यातूनच अखंड जाते. स्टेअरिंग निघाल्यावर ती डबी भलतीकडे फिरली तर पुढे एखाद्या वळणावर केबल ताणून तुटते, आणि तिच्याबरोबर एअरबॅगचा रस्ताही. म्हणून डबीवर चिकटपट्टी लावून ती जागच्या जागी धरली. खालच्या मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये बटणांसाठी वायरी नसतातही. कनेक्टरच्या पिना मी आधीच तपासल्या होत्या, आमच्यात होत्या.

नवं स्टेअरिंग दात्यांवर बसलं, रेघ रेघेशी मिळाली. नट नवा घेतला होता. तो टॉर्क रेंचनं, पुस्तकातल्या आकड्याला, खट् असा आवाज येईपर्यंत आवळला. बटणांचं कनेक्टर जोडताना लेकीनं विचारलं, "सगळ्या बटणांना मिळून एवढ्याच वायरी?" मी तिला दाखवलं की प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या ओहमचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की ठरावीक रोध जोडला जातो आणि म्युझिक सिस्टीम त्या आकड्यावरून ओळखते, आवाज वाढवायचा की फोन उचलायचा. ते सांगताना मला दिवाळीतला तो मुलगा आठवला. त्याच्या खोक्यासोबतचा रेझिस्टरही असाच, तांदळाच्या दाण्याएवढा, रंगीत पट्ट्यांचा. तो खोटं बोलण्यासाठी होता, हे खरं बोलत होते. वस्तू एकच. तात्यांचा आक्षेप वस्तूला नव्हता. नव्या वस्तूंचं त्यांना भारी कौतुक असे, हे मी स्वतः पाहिलं आहे. कौतुक आणि परवानगी या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या.

एअरबॅग बसवली, ताट रिकामं झालं. बॅटरी जोडली आणि गाडीत न बसता, दाराबाहेर उभं राहून, स्टेअरिंगपासून बाजूला होत किल्ली फिरवली. एअरबॅगचा लाल दिवा लागला, काही सेकंद राहिला आणि विझला. यंत्रणेनं स्वतःची तपासणी केली आणि सगळं जागेवर असल्याचं सांगितलं. मग बायकोला बसवलं. पहिल्यांदा गाडी शिकताना ती हात घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी ठेवायला शिकली होती. एअरबॅगच्या गाडीत नऊ आणि तीनची जागा बरी, कारण पिशवी फुगली तर वर धरलेले हात तोंडावर फेकले जातात. नव्या स्टेअरिंगला नेमक्या त्याच जागी अंगठ्यासाठी फुगवटा आहे. तिचे अंगठे न सांगता तिथे गेले. रंकाळ्याच्या बाजूच्या सरळ रस्त्यावर तिनं गाडी नेऊन आणली. स्टेअरिंग मधोमध, गाडी सरळ.

पण तात्यांचं ऋण मला रविवारपेक्षा सोमवार ते शनिवार जास्त जाणवतं. डिप्लोमानंतर मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागलो, गुणवत्ता तपासणीत. आम्ही ज्या वस्तू ओततो त्यांत मोटारींचे नकल असतात, म्हणजे स्टेअरिंगच्या हालचालीबरोबर पुढचं चाक वळवणारा तो ओतीव सांधा. त्याला चिवट लोखंड लागतं. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातलं की आतला ग्राफाइट गोल गोळ्यांच्या रूपात राहतो आणि लोखंड धक्का सोसतं. मॅग्नेशियम घातल्यावर ओतायला उशीर झाला तर त्याचा परिणाम उतरत जातो, ग्राफाइट पापुद्र्यांसारखा पसरतो आणि तेच लोखंड ठिसूळ होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तुकडा घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फरक कळतो.

एकदा असा एक लॉट माझ्या टेबलावर आला. गोळे अर्धवट, बाकी पापुद्रे. बाहेर ट्रक उभा, माल त्याच रात्री निघायचा होता. एवढं चालतं, गाडीच्या कंपनीत पुन्हा तपासतात, एखादा तुकडा तसा निघाला म्हणून सगळा लॉट वाईट नसतो, असं सांगणारी माणसं भोवती होती आणि ती वाईट माणसं नव्हती. त्यांच्यावर तारखेचं ओझं होतं. मी आणखी तुकडे कापून घेतले, त्यांतही तेच दिसलं. त्या नकलवर कोणाचं चाक फिरणार आहे, हे तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं. मला तात्यांचा प्रश्न ऐकू आला: त्येंना कोण सांगणार? लॉटवर लाल रंग मारला आणि शेऱ्याखाली सही केली. ट्रक रिकामा गेला.

तेव्हा तात्या हयात होते, गॅरेज नातवाकडे सोपवून घरी असायचे. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की हे मी तुमच्याकडून शिकलो. त्यांनी मन लावून ऐकलं, ग्राफाइटचे गोळे कसे दिसतात ते माझ्याकडून कागदावर काढून घेतलं, आणि मग विचारलं, "मालक काय म्हनला?"

"रागावले. मग सूक्ष्मदर्शकात स्वतः बघितलं."

"नोकरी हाय न्हवं?"

"आहे."

"मग झालं तर," असं म्हणून ते मोकळेपणानं हसले.

तात्या गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्यामुळे कोण कोण वाचलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. दुरुस्त केलेल्या गाडीकडे बोट दाखवता येतं. न झालेल्या अपघाताकडे दाखवता येत नाही. टाळलेल्या धोक्याची कुठे नोंद होत नाही, त्याचे पैसे मिळत नाहीत, त्याबद्दल कोणी आभार मानायला येत नाही. म्हणून ज्यानं ते जवळून पाहिलं त्यानं तरी ते लिहून ठेवलं पाहिजे, असं मला वाटतं.

गॅरेजात आता अधूनमधून विजेवरच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. त्यांत शेकडो व्होल्टच्या नारिंगी केबली असतात आणि त्यांच्या पुस्तकांतली धोक्याची पानं बरीच मोठी असतात. तात्यांचा नातू मला बोलावतो. मी ती पानं वाचतो, मराठीत सांगतो, गॅरेजातली पोरं वह्यांत उतरवून घेतात. परवा एकानं विचारलं, "एवढं सगळं वाचून शेवटी काम अंगावर घ्यायचं का नाही, ते कसं ठरवायचं?" मी त्याला दिवाळीतल्या त्या स्टेअरिंगची गोष्ट सांगितली, चहाच्या कपापर्यंत आणि चामडं मढवून देण्याच्या बोलीपर्यंत. काम येणं ही अर्धी कारागिरी आहे. कुठलं काम करायचं नाही, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून, पैशाची गरज असताना, त्याचा अपमान न करता सांगता येणं ही उरलेली अर्धी. ती पुस्तकात मिळत नाही. कोणीतरी आपलं नुकसान सोसून आपल्यासमोर करून दाखवावी लागते. माझ्यासमोर ती तात्यांनी करून दाखवली.